छप्पर उसकटणारे चौघे



कफर्णहूमातल्या घराची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत (मार्क, अध्याय २). पक्षाघाती माणसाला चौघांनी बाजेवर घालून आणले, दारात गर्दी म्हणून छप्पर उसकटले आणि बाज खाली सोडली. संदेशात आपण त्या चौघांच्या विश्वासाबद्दल ऐकतो. मला मात्र हल्ली त्या दाराचा विचार येतो. बरे करणारा आत होता, आजारी माणूस बाहेर होता आणि मधली वाट बंद होती.

आपल्या मंडळीत एक आजी आहेत. मूळच्या खानदेशातल्या, मुलाच्या कामामुळे पर्वत पाटियाला आलेल्या. मागच्या वर्षी त्यांनी उपासनेला येणे बंद केले. हातपाय दुखतात, भूक नाही, झोप नाही, एवढेच सांगायच्या. मी तीन-चार वेळा घरी जाऊन प्रार्थना केली आणि प्रत्येक वेळी म्हणालो, “आजी, विश्वास ठेवा.” शेवटी त्या म्हणाल्या, “विश्वास आहे रे बाळा, झोप नाही.”

तेव्हा कुठे मी औषधाचे विचारले. डब्यात गोळ्यांची रिकामी पाकिटे निघाली. त्यांना नैराश्याचा आजार होता, उपचार सुरू झाले होते आणि ते मधेच थांबले होते. मुलगा लूमवर बारा तासांची पाळी करतो. आईला मोठ्या दवाखान्यात न्यायचे म्हणजे एक खाडा, दोन रिक्षा, केसपेपरची रांग, आणि दर वेळी नवा डॉक्टर. आजींना धड गुजराती येत नाही, हिंदीही मोडकी. तीच दुःखाची कहाणी परक्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सांगायची! तिसऱ्या खेपेनंतर त्यांनीच मुलाला सांगितले, आता नको. दोन महिने मी त्या घरी प्रार्थना केली आणि गोळ्यांचे विचारले नाही, ही चूक माझी.

म्हणून आज एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मनाच्या आजारावरची सेवा वॉर्डात आली पाहिजे, आणि ती यावी म्हणून मंडळीने बोलले पाहिजे.

ही काही मेहेरबानीची मागणी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ प्रत्येकाला सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देते. ही सेवा घराजवळ मिळावी, त्यासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, प्राथमिक पातळीपासून ती साध्या आरोग्य सेवेत मिसळलेली असावी, आणि वृद्धांसाठी खास सोय असावी, असे त्यात लिहिले आहे. गुजरातेत सरकारी मनोरुग्णालये चार: अहमदाबाद, वडोदरा, जामनगर आणि भुज. सुरतेत पाचवे बांधा, असे मी म्हणत नाही. आजींना भिंती नकोत. महापालिकेच्या अर्बन हेल्थ सेंटरमध्ये आठवड्याचा एक ठरलेला वार हवा, शक्यतो तोच डॉक्टर, मराठी समजणारा समुपदेशक, महिन्याच्या गोळ्या तिथेच, आणि जो खाटेवरून उठू शकत नाही त्याच्या घरी भेट. कामगारांसाठी वेळ संध्याकाळची असावी. म्हाताऱ्यांची तपासणी वेगळ्या नजरेने व्हावी, कारण त्यांचे नैराश्य पुष्कळदा अंगदुखी आणि विसरभोळेपणाच्या रूपात दिसते, आणि थायरॉइडचा किंवा बी-१२ च्या कमतरतेचा त्रासही तसाच दिसू शकतो.

“एवढे डॉक्टर आणायचे कुठून?” हा प्रश्न खरा आहे. पण गोव्यात संगाथ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना डॉक्टरांच्या जोडीला बसवले. रुग्ण जास्त प्रमाणात बरे झाले, हे २०१० मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू झालेला ‘आत्मीयता’ उपक्रम पुढे गुजरातेत मेहसाण्याला गेला. त्यात गावचेच स्वयंसेवक शेजाऱ्याचे दुःख ऐकून घेतात आणि गरज असेल त्याला दवाखान्यापर्यंत पोहोचवतात. हे काम आपल्याला अनोळखी आहे का? आपली महिला मंडळे वर्षानुवर्षे घरभेटी देतच आहेत.

काही बांधव म्हणतील, हा विश्वासाचा प्रश्न आहे, गोळ्यांचा नाही. त्यांनी एलीयाकडे पाहावे. रतामाच्या झुडपाखाली त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला रागावले नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, परत झोपू दिले, परत खाऊ घातले. होरेबाची वाट त्यानंतरची. आणि कबरांमध्ये राहणाऱ्या, साखळ्यांनी बांधलेल्या माणसाला येशूने शुद्धीवर आणून पाठवले कुठे? त्याच्या घरी, त्याच्या माणसांत. आजही कोणी मनोरुग्णाला साखळीने बांधायला सांगत असेल, तर कायदा तसे करण्यास मनाई करतो आणि शुभवर्तमानही त्याच्या बाजूने नाही.

तेव्हा आपण चौघे होऊ या. एकाने आजाऱ्याबरोबर दवाखान्यात जावे, म्हणजे मुलाचा खाडा होणार नाही. एकाने गोळ्या संपण्याआधी आठवण करावी. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत, हेही सांगावे. एकाने फक्त ऐकायला बसावे, उपदेश न करता. चौथ्याने अर्ज लिहावा. वॉर्डातल्या सेवेसाठीचा तो अर्ज आपण सह्या करून नगरसेवक आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे देऊ. कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याची सही घ्या, कारण हा आजार धर्म विचारत नाही. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक पाठ ठेवा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर त्याला एकटे सोडू नका. ताबडतोब फोन करा, दवाखान्यात न्या.

आजींबरोबर आता आपल्या दोन बहिणी दर महिन्याला जातात. उपचार पुन्हा सुरू झाल्यावर गुण यायला काही आठवडे लागले. अजून सगळे ठीक नाही. पण मागच्या रविवारी त्या उपासनेला आल्या, मागच्या बाकावर बसल्या, आणि जाताना म्हणाल्या, “काल चार तास झोपले.” मी त्या चार तासांसाठी देवाचे आभार मानले. तुम्हीही माना, आणि पुढच्या रविवारी अर्जावर सही करायला पाच मिनिटे थांबा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.