रुग्णसेवेचे शिक्षण आणि आपला हक्क

१९२९ साली सरकारी समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करीत होते. चाळीसगावी त्यांना नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने मिळाला. परंतु लगाम हाती घेतलेल्या आपल्या बांधवाने पूर्वी कधी टांगा हाकलाच नव्हता. नदीवरील मोरीवर अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. त्याच वर्षी काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर आला, पण तिला शिवला नाही. थर्मामीटरदेखील त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हातून पोहोचविले. ती माउली दगावली. दोन्ही हकीकती बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात आहेत.

चाळीसगावी आपुलकी होती, कसब नव्हते. काठेवाडात कसब होते, माणुसकी नव्हती. प्रज्ञा आणि करुणा एकाच ठायी असाव्यात, ही धम्माची शिकवण रुग्णाच्या खाटेपाशी जितकी कसोटीस लागते तितकी क्वचितच अन्यत्र लागत असेल. म्हणून जळगाव व धुळे येथील महाविद्यालयांनी आणि आपल्या शिक्षणसंस्थांनी रुग्णसेवेच्या शिक्षणाचे वर्ग सुरू करावेत, अशी आमची मागणी आहे. धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगावासही २०१८ पासून आहे. प्रत्यक्ष अनुभवासाठी रुग्णालये दाराशी असता आपली मुले दूरच्या शहरांची वाट का धरतील?

यावर कोणी म्हणेल की, पुन्हा आमच्याच लेकींनी दुसऱ्यांची घाण काढावी काय? हा आक्षेप पोकळ नाही. अनेक गावांत महार-मांग समाजातील स्त्रियाच सुईणपण करीत. ज्या हातांनी मूल जन्मास आणले तेच हात पुढे विटाळाचे ठरत. त्या कामास ना वेतन होते, ना मान. म्हणूनच वर्ग कोणता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. थोड्या महिन्यांत कागदी प्रमाणपत्र देऊन मुलांस आया व वॉर्डबॉय म्हणून राबविणारा वर्ग म्हणजे जुनीच बलुतेदारी होय. दोन वर्षांचा सहायक परिचारिकेचा अथवा तीन वर्षांचा परिचर्येचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हवा. ज्याच्या अंती परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढत नाही, अशा परिचर्येच्या वर्गास पालकांनी एक पैसाही देऊ नये. प्रयोगशाळा, क्ष-किरण आदी शाखांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा झाला आहे. तेथेही मान्यता आधी तपासावी.

कायदा आपल्या बाजूस आहे. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा त्या जातींतील समावेश १९९० च्या दुरुस्तीने मान्य झाला. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये २००५ च्या ९३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या पाचव्या पोटकलमानुसार, अल्पसंख्याकांच्या संस्था वगळता, खाजगी संस्थांतील प्रवेशांतही राखीव जागांची तरतूद राज्यास कायद्याने करता येते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही आहे. परंतु मागितल्यावाचून हक्क चालत घरी येत नाही.

तेव्हा प्रत्येक विहाराने दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींची यादी करावी, त्यांचे जातीचे दाखले वेळीच काढावेत, प्रवेशअर्ज भरून द्यावेत आणि वसतिगृहासाठी जिल्हा समाजकल्याण कार्यालयाकडे लेखी मागणी नोंदवावी. ज्यांच्या स्पर्शाचा एके काळी विटाळ मानला गेला, त्यांच्या कुशल हाती उद्या साऱ्या खानदेशाने विश्वासाने आपली नाडी द्यावी. जयभीम!