इंजिनाचा आकडा हा निकाल नव्हे

बुद्धिबळाच्या शिकवणीवर्गात, स्पर्धेच्या सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या पालकांत आणि आता जाणत्या प्रशिक्षकांच्या तोंडीही एक वाक्य पक्के बसले आहे : ‘ते ओपनिंग नको, इंजिन त्याला वाईट म्हणते.’ किंग्ज इंडियन बचावाचे नाव निघाले की हे वाक्य हमखास ऐकू येते. लॅपटॉपवर इंजिन सुरू होते, पांढऱ्याच्या बाजूने अधिकचा आकडा झळकतो आणि तिथेच विषय संपतो. काळ्याकडे कोणती योजना होती, पांढऱ्याला ती मोडण्यासाठी काय काय शोधावे लागले असते, हे कोणी विचारत नाही. या सवयीला माझा ठाम विरोध आहे. इंजिनाने अभ्यास करायलाच हवा. पण डावाच्या आरंभीच्या स्थितीवर त्याने दाखवलेला आकडा हा अंदाज असतो, आणि अंदाजाला निकाल मानले की अभ्यास थांबतो.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू, कारण तो पोकळ नाही. पहिला मुद्दा बळाचा. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला ३.५–२.५ असे हरवले आणि आज तर खिशातल्या फोनवरचे इंजिनही जगज्जेत्याला भारी पडते. जो सर्वांहून बलवान, त्याचाच शब्द ओपनिंगबाबत अखेरचा का मानू नये? दुसरा मुद्दा तुलनेचा. दोन इंजिनांचे मत वेगळे पडले, तर ज्याचे रेटिंग जास्त त्याचे ऐकावे. तिसरा मुद्दा एकमताचा. स्टॉकफिश आणि लीला ही दोन वेगळ्या घडणीची इंजिने एकच सांगत असतील, तर शंकेला जागाच कुठे उरते?

हे तिन्ही मुद्दे एका खऱ्या स्थितीवर घासून पाहू. किंग्ज इंडियनची अभिजात मांडणी घ्या. पांढऱ्याने मध्यावर प्यादी रोवली आहेत, दोन्ही बाजूंचे किल्लेकोट झाले आहेत, पांढऱ्याने डी५ खेळून मध्य बंद केला आहे आणि काळ्याचा घोडा सी६ वरून ई७ वर मागे गेला आहे. आठ चाली झाल्या, एकही मोहरे पटाबाहेर गेलेले नाही. इथून पांढरा वजिराच्या बाजूने सी५ चा घाव घालायला निघतो आणि काळा राजाच्या बाजूची प्यादी एफ५, एफ४, जी५, जी४ अशी पुढे लोटतो. ही मार देल प्लाता मांडणी. १९५३ साली अर्जेंटिनातल्या त्या शहरी झालेल्या स्पर्धेत ग्लिगोरिचने काळ्या मोहऱ्यांनी नायडॉर्फला हरवले, तेव्हापासून हे नाव रूढ आहे. या स्थितीवर दोन्ही इंजिनांचा कौल पांढऱ्याकडे जातो, हे निखालस खरे. प्रश्न असा की त्या कौलाचा अर्थ काय.

पहिला मुद्दा घेऊ. उत्तम खेळणे आणि स्थितीचे सत्य जाणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुद्धिबळातले पूर्ण सत्य आज फक्त पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी उरल्यावरच कळते. तेवढ्या मोहऱ्यांच्या स्थितींची कोष्टके तयार आहेत आणि ती तीनच उत्तरे देतात : विजय, पराभव किंवा बरोबरी. तिथे अधिक शून्य पूर्णांक सात दशांश असे काही नसते. आपल्या मार देल प्लाता स्थितीत मात्र पटावर बत्तीसच्या बत्तीस मोहरी उभी आहेत. त्या स्थितीचे खरे उत्तरही या तिघांपैकीच एक असणार. ते कोणते, हे कोणत्याही इंजिनाने सिद्ध केलेले नाही. इंजिन दशांशात बोलते, कारण ते अजमावत असते.

शिवाय तो आकडा नेमके काय मोजतो? पूर्वी अधिक एक म्हणजे साधारण एका प्याद्याइतका फायदा, असा अर्थ होता. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १५.१ ने तो बदलला. आता अधिक एक म्हणजे तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता निम्मी. हा तुल्यबळ प्रतिस्पर्धी कोण, हे ध्यानात घ्या : स्टॉकफिशसारखेच दुसरे इंजिन. म्हणजे दोन यंत्रे ही स्थिती पुढे खेळली तर काय होईल, याचा तो अदमास आहे. चौदा वर्षांखालील जिल्हा स्पर्धेत समोरासमोर बसलेल्या दोन मुलांविषयी तो काहीही सांगत नाही. पाच वर्षांपूर्वीच्या पुस्तकात छापलेला आकडा आणि आजच्या पडद्यावरचा आकडा सारखे दिसले, तरी त्यांचा अर्थ सारखा नाही. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांत इतके अंतर, तर दोन वेगळ्या इंजिनांचे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी कशी करायची?

इथून दुसरा मुद्दा ढासळतो. स्टॉकफिश शोधावर जगते. ते प्रचंड संख्येने स्थिती तपासते, निरुपयोगी वाटणाऱ्या फांद्या निर्दयपणे छाटते आणि उरलेल्या फांद्यांच्या टोकाशी एका छोट्या, वेगवान न्यूरल नेटवर्ककडून मोजमाप घेते. हे नेटवर्क २०२० च्या स्टॉकफिश १२ पासून आले. त्याची मूळ कल्पना जपानी शोगी या खेळासाठी यू नासू यांनी मांडली होती. लीलाची रीत उलटी. तिचे नेटवर्क मोठे आणि सावकाश. ते स्थिती पाहून आधी कोणत्या चाली विचारात घेण्याजोग्या आहेत हे सुचवते, मग त्या मोजक्या वाटांवर शोध चालतो. तिचे मूळ उत्तर विजय, बरोबरी, पराभव यांच्या शक्यतांत असते आणि पडद्यावरचा आकडा त्यातून रूपांतरित केलेला असतो. या दोन रीतींतला फरक २०१७ साली लीलाच्याच रीतीच्या अल्फाझीरो या प्रणालीने जगाला दाखवला. स्टॉकफिशशी झालेल्या सामन्यात अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहत होते, स्टॉकफिश सुमारे ७ कोटी. शंभर डावांत अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरले नाही. त्या सामन्याच्या अटींवर पुढे वाद झाले. पण थोड्या स्थिती पाहणाराही चांगले पाहू शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले ते झालेच.

रेटिंगचे म्हणाल, तर ते संपूर्ण डावांतून मिळते. मधल्या डावातले डावपेच, अंत्यडावातली अचूकता, वेळेचा वापर, सगळे त्यात मिसळलेले असते. आठव्या चालीनंतरच्या एका बंद स्थितीची पारख कोणाची अधिक चांगली, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. टीसीईसीसारख्या इंजिनांच्या स्पर्धांत तर सुरुवातीच्या चाली आधीच ठरवून दिल्या जातात आणि तेच ओपनिंग दोन्ही रंगांनी एकेकदा खेळवले जाते, कारण मूळ स्थितीपासून सोडले तर डाव बरोबरीत सुटत राहतात. म्हणजे ओपनिंगची निवड करण्याची परीक्षा तिथे इंजिनाला द्यावीच लागत नाही.

एक पुरावा तर या मुद्द्याच्या मुळावरच येतो. अल्फाझीरोने बुद्धिबळाचे ज्ञान कसे मिळवले यावर २०२२ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला; माजी जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक त्याचा सहलेखक आहे. त्यात असे आढळले की तीच प्रणाली, तेच नियम घेऊन पुन्हा नव्याने प्रशिक्षण दिले, तर रुय लोपेझमध्ये काळ्याच्या तिसऱ्या चालीची पसंती बदलू शकते. एका प्रशिक्षणातून ए६ कडे कल, दुसऱ्यातून घोडा एफ६, म्हणजे बर्लिन बचावाकडे. एकच यंत्र दोनदा शिकून दोन आवडी बाळगत असेल, तर त्या आवडीला बुद्धिबळाचा नियम म्हणता येणार नाही.

आता एकमताचा मुद्दा, जो सर्वांत पटण्याजोगा वाटतो. न्यायालयात दोन साक्षीदारांची जबानी जुळली की तिला वजन येते, पण दोघांना एकानेच पढवले असेल तर ते वजन उरत नाही. जुलै २०२१ मध्ये आलेल्या स्टॉकफिश १४ चे नेटवर्क लीला प्रकल्पाने मूल्यमापन केलेल्या स्थितींवर घडवलेले होते. हे सगळे उघडपणे, परस्पर सहकार्याने झाले आणि त्याने स्टॉकफिश बलवान झाले. त्यात गैर काही नाही. पण त्यानंतर ही दोन इंजिने एखाद्या स्थितीवर एकमत झाली, तर ती दोन स्वतंत्र मते आहेत असे समजणे चूक ठरते. किंग्ज इंडियनमध्ये पांढऱ्याला जागा जास्त आहे, ही पारख दोघांच्या मुळाशी एकाच शिदोरीतून आलेली असू शकते.

इतिहासही हेच बजावतो. कास्पारोव्हने किंग्ज इंडियन सोडला तो इंजिनाच्या सांगण्यावरून सोडला नाही. याच मार देल प्लाता स्थितीत बी४ ही चाल खेळणाऱ्या क्रामनिकने १९९७ साली नोव्हगोरोदला त्याला हरवले, त्यानंतर त्याने हा बचाव बाजूला ठेवला. मग तो बचाव मेला का? रादजाबोव्हने तो सर्वोच्च पातळीवर चालवून दाखवला. २०१० साली तुर्कस्तानातल्या बुर्सा इथे जागतिक सांघिक स्पर्धेत नाकामुराने याच बचावाने गेल्फांडला हरवले आणि तो डाव आजही अभ्यासला जातो. हे किंग्ज इंडियनपुरतेच नाही. २००० साली लंडनला क्रामनिकने बर्लिन बचावाची भिंत उभी केली आणि पंधरा डावांच्या त्या लढतीत कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. अल्फाझीरोने शिकता शिकता टाकून दिलेला फ्रेंच बचाव डिंग लिरेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या पहिल्याच डावात काढला आणि काळ्या मोहऱ्यांनी गुकेशवर मात केली. लढत पुढे गुकेशने जिंकली, पण त्या दिवशीचा डाव फ्रेंच बचावाने जिंकला.

यावर पूर्वपक्ष म्हणेल, ही माणसांची उदाहरणे आहेत. अचूक खेळणाऱ्यापुढे यातले काही टिकले नसते. मान्य. पण आपली मुले माणसांशीच खेळतात. आणि या उत्तरातून उलटा प्रश्न उभा राहतो : पांढऱ्याचा तो फायदा टिकवायला किती अचूकता लागते? मार देल प्लातामध्ये काळ्याची प्यादी राजावर चालून येत असताना पांढऱ्याला सलग अनेक वेळा एकमेव योग्य चाल सापडावी लागत असेल, तर पटावर बसलेल्या माणसासाठी तो फायदा कागदावरचाच असतो. काळ्याच्या चाली मात्र योजना कळली की हाताशी येतात. ही तफावत एका आकड्यात मावत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे खंडनही केले पाहिजे, कारण तेही तितकेच घातक आहे. ‘इंजिनांनी बुद्धिबळ मारले, आता सगळे पाठांतर उरले’ असा शोक करणारे बरेच आहेत. त्यांनी एप्रिल २०२४ ची टोरांटोतली कँडिडेट्स स्पर्धा आठवावी. नाशिकच्या विदित गुजराथीने दुसऱ्या फेरीत नाकामुराविरुद्ध बर्लिन बचावात घरून तयार करून आणलेला एच३ वरचा उंटाचा बळी दिला आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला. नाकामुराची ४७ डावांची अपराजित घोडदौड तिथे थांबली. असा बळी इंजिनाच्या मदतीशिवाय इतक्या धाडसाने तपासता आला नसता, आणि माणसाच्या पारखीशिवाय तो निवडला गेला नसता. अल्फाझीरोने कडेचे एच प्यादे ज्या निर्धाराने पुढे रेटले, ते पाहून अव्वल ग्रँडमास्टरांनी आपल्या खेळात तो विचार घेतला. इंजिनाने कल्पना वाढवल्याच आहेत.

मग इंजिनाचा अधिकार कुठे आणि माणसाचा कुठे? माझे मंडन असे. इंजिनाने दाखवलेली ठोस चाल हा पुरावा आहे. अमुक चाल खेळलात तर चार चालींत घोडा जातो, असे ते दाखवत असेल तर वाद घालू नये. ते बरोबर असते. त्या चालींच्या मागे लावलेला एकत्रित आकडा मात्र मत आहे, आणि मताची चिकित्सा करायची असते. ही सीमारेषा ज्याला कळली, त्याला दोन इंजिनांची तुलना फलदायी ठरते.

तुलना करताना काही पथ्ये पाळावीत. दोन्ही इंजिनांना सारखा वेळ द्यावा, ‘खोली’ सारखी ठेवू नये. स्टॉकफिशची खोली आणि लीलाची खोली एकाच अर्थाची नसते. एका चालीवर थांबू नये, पहिल्या तीन-चार चाली समोर मांडून घ्याव्यात. पहिली आणि तिसरी चाल जवळपास सारखी असेल तर ‘सर्वोत्तम’ या शब्दाला अर्थ राहत नाही. विजय-बरोबरी-पराभवाच्या शक्यता दोन्ही इंजिने दाखवू शकतात, त्या पाहाव्यात. सुचवलेल्या वाटेवर दहा-पंधरा चाली पुढे जावे, तिथे इंजिनाला पुन्हा विचार करू द्यावा आणि मग मागे यावे. बंद मध्याच्या स्थितीत असे केल्यावर मूळ मत बदललेले पुष्कळदा दिसते. अनेक प्रोसेसर-धाग्यांवर चालवलेले इंजिन तीच स्थिती दुसऱ्यांदा दिल्यावर वेगळी चालही सुचवू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मतभेद शोधावेत. एक इंजिन बी४ म्हणते आणि दुसरे घोडा ई१ वर मागे घेते, तिथे खरा अभ्यास सुरू होतो. एकाला वजिराच्या बाजूची घाई महत्त्वाची वाटते, दुसऱ्याला राजाची राखण. हा वाद समजून घेणाऱ्याला किंग्ज इंडियन कळतो. दोन आकड्यांची सरासरी काढणाऱ्याला काहीच कळत नाही. २०२५ साली बटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख असो की तिच्या वयाचे इतर खेळाडू, ही पिढी इंजिनाबरोबरच वाढली आहे. पण पटावर इंजिन बसत नाही. तिथे घड्याळ चालू असते आणि स्थिती समजलेला खेळाडूच टिकतो.

म्हणून प्रशिक्षकांना आणि पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. मुलाने किंग्ज इंडियन खेळायचा म्हटले की लगेच इंजिन उघडू नका. आधी त्याला स्थिती मांडून दोन्ही बाजूंच्या योजना स्वतःच्या शब्दांत वहीत लिहायला सांगा. नंतर दोन इंजिने चालवा, त्यांचे मतभेद टिपा आणि ते का झाले याचे उत्तर मुलाकडूनच घ्या. ते उत्तर देता आले तर त्याला ते ओपनिंग खुशाल खेळू द्या, आकडा काहीही असो.