मुकुट पोपचा, पण नाणे कुणाचे?

८०० सालच्या नाताळात रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये पोप तिसऱ्या लिओने फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या मस्तकी सम्राटपदाचा मुकुट ठेवला. देणारा मोठा, घेणारा लहान. तेव्हा त्या दिवशी चर्च साम्राज्याच्या वर गेले, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. मला तो साफ अमान्य आहे. खुद्द लिओचीच नाणी त्याविरुद्ध साक्ष देतात.

लिओच्या आधीचा पोप पहिला हेड्रियन (७७२–७९५). पूर्वी रोमच्या नाण्यांवर कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचे नाव असे. हेड्रियनने ते काढून चांदीच्या नाण्यांवर आपले आणि संत पीटरचे नाव घातले. चर्चच्या स्वातंत्र्याची खूण शोधायचीच तर ती इथे आहे. ८०० नंतर मात्र लिओच्या नाण्यांवर एका बाजूला संत पीटरचे नाव व लिओची गुंफलेली अक्षरे, तर दुसऱ्या बाजूला 'कार्लुस', म्हणजे शार्लमेन! शार्लमेनच्या स्वतःच्या नाण्यांवर पोपचे नाव नाही. अखेरच्या वर्षांतल्या त्याच्या मुखवट्याच्या नाण्यावर डोक्याला जुन्या रोमन सम्राटांसारखी पानांची माळ आहे. मागे क्रॉस असलेली देवळासारखी इमारत आणि 'ख्रिस्ती धर्म' ही अक्षरे. धर्माचा रक्षक कोण, हे सम्राट स्वतःच सांगतो आहे.

मराठी वाचक इथे रास्त हरकत घेईल: मराठ्यांच्या टांकसाळींतूनही मुघल बादशहा शाह आलमच्या नावाचे रुपये पडत होते, म्हणून का सत्ता दिल्लीची होती? नाही. पण ते नाव परंपरेने चालत आलेले होते. रोममध्ये तसे चालत आलेले नाव कॉन्स्टँटिनोपलचे होते, आणि हेड्रियनने ते पुसलेही होते. मोकळ्या झालेल्या जागी लिओने जिवंत, बलवान सम्राटाचे नाव नव्याने कोरले. त्याला कारणही होते. ७९९ मध्ये रोममध्ये स्वतःवर हल्ला झाल्यावर लिओ आश्रयासाठी पाडरबोर्नला शार्लमेनकडेच गेला होता, आणि राज्याभिषेकाच्या दोनच दिवस आधी त्याला आपल्यावरच्या आरोपांबाबत शपथेवर निर्दोषत्व सांगावे लागले होते.

टांकसाळ पोपकडेच राहिली, हे खरे. म्हणून याला गुलामी म्हणू नये. पण वरचढ कोण होता, यात शंका उरत नाही. ८१३ मध्ये शार्लमेनने आखेन येथे पोपला न बोलावता मुलगा लुई याला सहसम्राट केले, आणि पुढच्या पोपांच्या नाण्यांवरही लुई, लोथार ही सम्राटांची नावे येत राहिली.