पाडकामाआधीचा पंचनामा

मुंबईत जुनी गिरणी पाडायला घेतली की कॅमेरेवाले जमतात आणि त्यांच्यावर तोंडसुख घेणारेही. म्हणे, हा पडक्या भिंतींचा शौक आहे. कामगारांची देणी थकलेली असताना गंजक्या खांबावरचं ऊन कसलं टिपता? शिवाय नकाशे आहेतच दप्तरी.

नकाशात काय बांधायचं ठरलं होतं ते असतं. पुढच्या शंभर वर्षांत काय झालं ते नसतं. साचेखात्याचं, म्हणजे मागांच्या शेडचं, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर घ्या. त्याच्या काचा उत्तरेला, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा. छप्पर अर्धं उतरवलेलं असतं तेव्हा कैच्या, पन्हळी आणि बिडाचे खांब यांची जोडणी उघडी पडते. काही गिरण्यांत पोकळ खांबच पावसाचं पाणी जमिनीत नेत असे. हे इमारत धडधाकट असताना दिसत नाही आणि राडारोडा उचलल्यावर तर नाहीच.

जमिनीचा हिशेबही आहेच. 1991च्या नियमाने गिरण्यांच्या जागेचे ढोबळमानाने तीन वाटे केले: मोकळी मैदानं, सार्वजनिक घरं आणि मालक. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरतीच उरली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली ती दुरुस्ती कायम ठेवली. कुठे शेड उभी होती आणि कुठे अंगण होतं, यावर शहराचा वाटा ठरू लागला. अशा वेळी तारीखवार फोटोला शौक म्हणणं हा अन्याय आहे. तो पुरावा आहे.

माणसं वगळून नुसती पडझड सजवणारे फोटो निघतात, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय कॅमेरा बंद करण्याचा नाही. जुन्या साचेवाल्याला सोबत न्यावं, त्याचा साचा कुठे होता ते त्याच्याकडूनच दाखवून घ्यावं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाच्या आठवणी कामगारांच्याच तोंडून नोंदवल्या. चित्रांनाही तसाच आवाज हवा.

आणि फोटो काढले की पाडायला मोकळे? जर्मनीत बर्न्ट आणि हिला बेशर यांनी 1959पासून खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या टिपल्या. ढगाळ उजेडात, समोरून, कसलंही नाट्य न करता. डॉर्टमुंडमधल्या त्सोलर्न खाणीचा यंत्रमहाल पाडला जाणार होता, तेव्हा तो वाचवण्याच्या मोहिमेत हे दांपत्य होतं. 1969 साली त्याला संरक्षण मिळालं. आज तिथे संग्रहालय आहे.

त्याच वर्षी अमेरिकेने औद्योगिक वास्तूंच्या नोंदणीचा सरकारी उपक्रम सुरू केला. त्यातली मोजमापाची रेखाटनं आणि फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणालाही पाहता येतात. मुंबईनेही पाडकामाच्या परवान्याला अशा नोंदीची अट जोडावी: आधी प्रत्येक खात्याचे, मग पाडकामाच्या प्रत्येक टप्प्याचे तारीखवार फोटो, खर्च विकासकाचा, आणि संच सार्वजनिक ग्रंथालयात जमा झाल्याशिवाय नव्या बांधकामाला मंजुरी नाही.