कोंड्याचा मांडा

दोस्तांनो, फैजपूर हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं, ते इथे. अध्यक्ष होते पंडित नेहरू. तिथल्या ग्रामोद्योग प्रदर्शनाचं उद्घाटन केलं गांधीजींनी. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला होता. तांदूळ हातसडीचा खा, पीठ जात्यावरचं खा, असा त्या संघाचा आग्रह असे.

खानदेशातल्या चुलींना यात नवं काही नव्हतं! इथे कळण्याची भाकरी होतीच. ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र दळायचे, तो कळणा. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, अख्ख्या उडदात २०. साल काढलं की उडीद १२ वर येतो. आणि मैदा? तीनसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दहा वर्षांपुढच्या प्रत्येकाला रोज निदान २५ ग्रॅम तंतू हवेत.

पण हे तंतू तर पचत नाहीत, मग खायचे कशाला? अर्ध्या पेला पाण्यात चमचाभर इसबगोल टाका आणि दहा मिनिटांनी ढवळून बघा. पाण्याची खळ झाली ना? (कोरडा इसबगोल तोंडात टाकू नका हं, घशात अडकतो.) विरघळणारे तंतू पोटात असंच करतात. त्या बुळबुळीत लगद्यातून साखर रक्तात सावकाश जाते. बिस्किटांची साखर मात्र पळतच सुटते आणि इन्शुलिनची धांदल उडते. पुढे शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं आणि ते पुरेनासं होतं, तो टाइप टू मधुमेह. आनुवंशिकता, वाढलेली चरबी, बैठी सवय यांचाही त्यात हात असतो.

राहिलेले तंतू मोठ्या आतड्यात पोचतात. तिथे अब्जावधी जिवाणू पंगत मांडून बसलेले! ते तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. हिरव्या केळ्यातला न पचणारा स्टार्चही त्यांना आवडतो. रावेर-यावलच्या मुलांनो, केळ्याची भाजी म्हटलं की नाक मुरडता ना?

‘मी तर काटकुळा, मला कसला मधुमेह?’ असं म्हणू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! आपल्याकडच्या पुष्कळ सडपातळ माणसांचं असंच असतं.

आईबाबा, पीठ बारीक चाळणीने चाळू नका. तंतू मात्र हळूहळू वाढवा, एकदम वाढवले तर पोट फुगतं. पाणीही भरपूर प्या.

आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घालतात. तुमच्याकडे किती? आजीला विचारून कळवा.