राजांचे ग्रंथ, प्रजेचा हक्क

बेळगावपासून फारसे दूर नसलेले, ताम्रपर्णीच्या काठचे कोवाड हे गाव मराठी वाचकास रणजित देसाई यांच्यामुळे ठाऊक आहे. १९६२ सालच्या ‘स्वामी’ने थोरल्या माधवरावांना घराघरात नेले, पाठोपाठ ‘श्रीमान योगी’ आली. कोवाड ज्या चंदगड तालुक्यात आहे तो तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो कोल्हापुरास जोडला गेला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. या सीमेवर राजांविषयीचे ग्रंथ हा केवळ वाचनाचा विषय उरत नाही. ते दाव्याचे कागद म्हणून पुढे केले जातात. एका बाजूने चालुक्य व विजयनगर यांची साक्ष निघते, तर दुसऱ्या बाजूने यादव, शिवछत्रपती आणि पेशवे यांची.

आमच्या मते ही साक्ष दोन्ही पक्षांच्या उपयोगाची नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ साली रट्ट राजाच्या मंत्र्याने बांधली. पुढे हा प्रदेश देवगिरीच्या यादवांकडे गेला, नंतर विजयनगरकडे, आणि १४७२-७३ च्या सुमारास बहामनी वजीर महमूद गावान याने गोव्यापाठोपाठ बेळगावही घेतले. ज्या यादवांच्या राज्यात ज्ञानेश्वरी लिहिली गेली, त्यांचेच अनेक शिलालेख कन्नडमध्ये कोरलेले आहेत. निपाणीचे सिद्धोजीराव निंबाळकर पेशव्यांचे सरदार होते, तरी त्यांचा संघर्ष झाला तो कोल्हापूरच्या छत्रपतींशी. राज्ये महसुलासाठी व किल्ल्यांसाठी लढत होती. भाषेची सीमा आखणे हे त्यांचे काम नव्हते.

गोमंतकीयांस हे वेगळे सांगावयास नको. ‘कदंब’ हे नाव आपण रोज बसगाडीवर वाचतो. त्याच गोव्याच्या कदंबांचे एक राजधानीचे ठिकाण हळशी हे खानापूर तालुक्यात आहे, आणि तेथील भूवराह नरसिंहाचे देऊळ आजही उभे आहे. जॉर्ज मोराईस यांनी १९३१ साली या घराण्यावर ‘कदंब कुल’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्याच्या उपशीर्षकात तो कर्नाटकाचा इतिहास म्हटला आहे. म्हणून गोव्याने हळशीवर, किंवा कर्नाटकाने गोव्यावर हक्क सांगावा काय? १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने आपला प्रश्न ताम्रपटांनी नव्हे, मतपेटीने सोडविला. त्या निकालाविषयी मतभेद आजही असतील. परंतु निवाडा जिवंत माणसांनी केला, हे कोणी नाकारणार नाही.

सीमाभागातील मराठी जनतेची बाजूही तेथेच बळकट आहे. मुलास शाळेत मातृभाषा मिळावी, कचेरीत आपल्या भाषेतील कागद हाती यावा, आपण कोणत्या राज्यात राहावे हे आपणांस विचारले जावे, या तिच्या मागण्या आहेत. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. या साऱ्या काळात तिचा आधार गावागावांतील बोलणारी माणसे हाच होता. तो सोडून राजवंशांचा आधार घेणे म्हणजे भक्कम जमीन सोडून वाळूवर उभे राहणे होय. राजांच्या नावांची मोजदाद सुरू झाली की प्रतिपक्षाचे ताम्रपट आपल्याहून जुने निघण्याचाच संभव अधिक!

मग या कादंबऱ्या वाचू नयेत काय? अवश्य वाचाव्यात. कादंबरी राजाचे मन दाखविते. त्याचा पुरावा देणे हे तिचे काम नव्हे. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांसारख्या चिकित्सकाची प्रस्तावना लाभली, यातच कादंबरीच्या वाचकाने इतिहासाकडे कसे वळावे याचा धडा आहे. आमच्या ग्रंथालयांनी ‘स्वामी’शेजारी ‘कदंब कुल’ही ठेवावे, आणि त्याचा मराठी अनुवाद कोणी हाती घेतल्यास त्यास हात द्यावा. हळशीस जाणाऱ्या गोमंतकीयाने देवदर्शनाबरोबरच तेथील शिलालेखाची लिपी कोणती, हेही पाहून यावे. राजे गेले, त्यांच्या सीमाही गेल्या. ज्यांची बोली आज त्या मातीत नांदते आहे, त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास मात्र कोणत्याही ग्रंथाची वाट पाहण्याचे कारण नाही.