हवेतील गायरान

निपाणी तालुक्यातील बोरगाव आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांतून गेल्या काही महिन्यांत या सदराकडे जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा सूर एकच आहे. घरात वाय-फाय घेतले, महिन्याचे पैसे वेळेवर भरतो. तरीही सोप्यात चालते ते माजघरात चालत नाही, सकाळी धावते ते रात्री आठ वाजता बसकण मारते. मुलाच्या प्रवेशाचा अर्ज नेमका अखेरच्या दिवशी अडकतो, दूरदेशी असलेल्या लेकीचा चेहरा पडद्यावर गोठतो, आणि पतसंस्थेच्या खिडकीपुढे रांग वाढत जाते. यावर उपाय म्हणून कोणी कंपनीवर रागावतो, कोणी दुप्पट किमतीचा राउटर आणतो, तर कोणी शेजाऱ्यावर संशय घेतो. या तिन्ही उपायांत एक उणीव समान आहे. आधी मोजून कोणीच पाहिलेले नसते.

अंगात कणकण वाटली तर आपण प्रथम थर्मामीटर लावतो. औषधाचा विचार त्यानंतर येतो. बिनतारी लहरींच्या दुखण्यालाही असा मापक आहे, आणि त्याचे एक साधे रूप आज बहुतेक घरांत खिशातच असते. त्याचा उपयोग कसा करावा, आणि त्याने दाखविलेल्या आकड्यांचा अर्थ काय घ्यावा, हे या महिन्यात सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हवेविषयी. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते, एक २.४ गिगाहर्ट्झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्या पट्ट्यासाठी परवान्याची अट भारत सरकारने २००५ साली काढून टाकली. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांचा घराबाहेरील वापर २०१८ साली मोकळा झाला. अर्थात हे पट्टे गावच्या गायरानासारखे आहेत. गुरे कोणीही सोडावीत, पण राखण करणारा कोणी नाही. २.४ च्या गायरानात आपल्याकडे १३ चॅनल आहेत खरे. परंतु दोन चॅनलांतील अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झ आणि एका राउटरला लागणारी जागा सुमारे २० मेगाहर्ट्झ. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न जाता तिघेच उभे राहू शकतात, ते १, ६ आणि ११ या चॅनलांवर.

येथे एक बारकावा ध्यानी घ्यावा. दोन राउटर एकाच चॅनलावर असले तर ते एकमेकांचे बोलणे ओळखतात व पाळीपाळीने बोलतात; वेग कमी होतो, पण शिस्त राहते. एक ६ वर आणि दुसरा ८ वर असला, तर मात्र एकाचे बोलणे दुसऱ्याला केवळ गोंगाट म्हणून ऐकू येते. यास्तव ‘मधली मोकळी जागा’ पाहून ३ किंवा ८ क्रमांक निवडणाऱ्याने स्वतःचे आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचेही नुकसान केलेले असते.

आता मापकाविषयी. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अॅनलायझर या प्रकारची ॲप फुकट मिळतात. आयफोनमध्ये अशा ॲपना मोकळीक मर्यादित आहे. आसपासच्या प्रत्येक राउटरचे नाव, त्याचा चॅनल आणि त्याची रेंज ही ॲप दाखवितात. रेंजचा आकडा डीबीएम या मापात व ऋण चिन्हासह असतो; म्हणून उणे ५० हे उणे ७० पेक्षा चांगले. दर १० च्या फरकाला शक्ती दहापट बदलते, आणि ३ चा फरक म्हणजे निमपट किंवा दुप्पट. उणे ५० आणि उणे ७० यांत शक्तीचा फरक शंभरपट आहे, हे फोनवरच्या चार काड्यांकडे पाहून कधीच कळत नाही. ढोबळ मानाने, समोरासमोर बोलण्याच्या चित्रकॉलला उणे ६७ च्या आसपास तरी हवे. उणे ८० च्या खाली गेले की निरोपही रखडतात.

तंत्रज्ञाजवळ जे हातात मावणारे खरे अॅनलायझर यंत्र असते, ते याहून एक पायरी पुढचे. फोनला फक्त दुसरे राउटर ओळखू येतात. मायक्रोवेव्ह भट्टीची गळती किंवा जुन्या बिनतारी कॅमेऱ्याची लहर त्याच पट्ट्यात असली, तरी फोनच्या यादीत तिचे नाव येत नाही. स्पेक्ट्रम पाहणारे यंत्र नावगाव न विचारता पट्ट्यातील सारी शक्ती मोजते. अशा व्यावसायिक यंत्रांची किंमत लाखांच्या घरात जाते. सुदैवाने घरगुती तक्रारींतील बऱ्याचशा फोनच्या मापानेच उलगडतात.

मोजण्याची रीत सांगतो. घराचा साधा नकाशा कागदावर काढावा. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, माडी, परडे अशा जागा मांडाव्यात. प्रत्येक जागी अर्धा-एक मिनिट स्थिर उभे राहून आकडा लिहावा, कारण फोन आपली यादी सावकाश ताजी करतो. हीच फेरी एकदा सकाळी आणि एकदा रात्री आठच्या सुमारास करावी. कागदावर मग चारपैकी एक चित्र उमटेल.

पहिले चित्र असे, की राउटरजवळ उणे ४०, माजघरात उणे ७८. हा भिंतीचा प्रताप आहे. आपल्याकडील जुन्या घरांच्या दगडमातीच्या दीड-दोन फुटी भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण लहरी गिळतात. लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी यांचेही तेच. येथे नवी योजना घेऊन पैसे दवडू नयेत. राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. तेवढ्याने भागले नाही तर माडीवर तार नेऊन दुसरा बसवावा. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली तरी भिंतीपुढे अधिक लवकर हार खाते, हेही लक्षात असू द्यावे.

दुसरे चित्र असे, की आकडा उत्तम, उणे ५०, परंतु त्याच चॅनलावर आणखी आठ-दहा नावे, आणि त्रास रात्रीच होतो. ही गर्दी आहे. पेठेतील खेटून असलेल्या घरांचा हा नेहमीचा रोग. यावर चॅनल बदलणे, किंवा जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झवर नेणे, हा उपाय.

तिसरे चित्र, आकडाही चांगला आणि गर्दीही नाही. तरी वेग नाही. अशा वेळी संगणक तारेने थेट राउटरला जोडून पाहावा. तारेनेही वेग येत नसेल तर दोष हवेत नाही, बाहेरून येणाऱ्या लाइनीत आहे. आता मात्र कंपनीकडे तक्रार करावी, आणि वेळ व आकडे लिहिलेला तो कागद पुढे ठेवावा. ‘नेट चालत नाही’ या वाक्यापेक्षा असा कागद अधिक कामे करून घेतो.

चौथे चित्र लहरी स्वभावाचे. ठरावीक वेळी, पाच-दहा मिनिटेच सारे कोलमडते. त्या वेळी घरात वा शेजारी काय चालू असते याची आठवडाभर नोंद ठेवावी. मायक्रोवेव्ह भट्टी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोणता राउटर कोणत्या दिशेला आहे हे हुडकायचे झाल्यास फोन छातीशी धरून सावकाश स्वतःभोवती फिरावे. शरीरातील पाणी ही लहर अडविते; म्हणून आकडा सर्वांत खाली जातो तेव्हा उगम पाठीमागे असतो. ज्यांनी धारवाड किंवा सांगली केंद्र लावताना ट्रान्झिस्टर इकडेतिकडे फिरवून खरखर घालविली आहे, त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही.

हे झाले गावातल्या घरांचे. मळ्यात राहणाऱ्यांची तक्रार निराळी आहे. गावातील गच्चीवरून मळ्यातील घरापर्यंत ५ गिगाहर्ट्झची लहान तबकडी लावून नेट नेतात. चैत्रात बसविले तेव्हा झकास चालले. श्रावण-भाद्रपदात तुटू लागले. यंत्र बिघडले असे समजून ते दोनदा बदलूनही उपयोग होत नाही. कारण बदलला आहे तो मधला ऊस. लहर दोरीसारखी सरळ जात नाही; तिला रेषेभोवती फुगीर मोकळी जागा लागते. दोन किलोमीटरच्या अंतराला मध्यावर या फुगवट्याची त्रिज्या सुमारे ५ मीटर असते, आणि त्यातील निदान साठ टक्के, म्हणजे ३ मीटर, मोकळे असावे लागते. तबकडी १८ फुटांवर असेल तर जमिनीपासून आठ-नऊ फुटांच्या वर काही नको. तुटलेल्या फडात हे जमते. दहा-बारा फूट वाढलेला, पावसाने निथळणारा ऊस मध्ये आला की जमत नाही. पंधरवड्यातून एकदा तबकडीचा डीबीएम लिहून ठेवणाऱ्यास उसाबरोबर आकडा घसरत चाललेला दिसेल, आणि नव्या यंत्राऐवजी पंचवीस फुटी खांबाचा खर्च करावा हे उमगेल.

सीमेवरच्या गावांचे आणखी एक दुखणे मोबाइलचे. बोरगावपासून महाराष्ट्राची हद्द फार दूर नाही. दूरसंचाराच्या हिशेबात कर्नाटक हे एक मंडळ, महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरे. लहरींना मात्र हद्दीचा दगड दिसत नाही. माडीवर गेलेला फोन पलीकडचा टॉवर धरतो. २०१७ पूर्वी याचा भुर्दंड रोमिंगच्या आकारात पडत असे. तो आता गेला, पण त्याची सावली राहिली आहे. अनेक फोनांत ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवलेले असते. पलीकडचा टॉवर धरताच बोलणे चालू राहते, काड्या भरलेल्या दिसतात, परंतु नेट मुके होते. टॉवरचे नाव व क्रमांक दाखविणारे ॲप उघडताच हे कोडे सुटते. मग डेटा रोमिंग चालू करावे, किंवा नेटवर्क हाताने निवडून आपल्या बाजूचे धरावे. दोन्हींना एक पैसा पडत नाही.

या जागी एक इशारा देणे आम्हास अगत्याचे वाटते. रेंज वाढविण्यासाठी ‘मोबाइल बूस्टर’ म्हणून डबे विकले जातात. ते खाजगीरीत्या बाळगणे वा वापरणे बेकायदा असल्याचे दूरसंचार विभागाने २०२२ साली जाहीर केले आहे. असा डबा सगळ्याच लहरी फुगवून टॉवरकडे फेकतो, टॉवरचे कान भरून जातात, आणि एका घराची सोय झाली की साऱ्या गल्लीचे बोलणे तुटते. आजारी माणसासाठी रात्री रुग्णवाहिका बोलाविण्याची वेळ त्याच गल्लीत कोणावरही येऊ शकते.

लहरींच्या मोजमापाचा हा खटाटोप क्षुल्लक समजू नये. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांची कुजबुज ऐकण्यासाठी तेथील मंडळींना आधी जवळचा गोंगाट, वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांपासून मोबाइलच्या टॉवरपर्यंत, ओळखावा लागतो. तिकडे जालन्यास उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारे सरकारी केंद्र आहे. किंबहुना वाय-फायच्या वंशावळीतही आकाशवेध आहेच. जॉन ओ’सलिव्हन या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने १९७० च्या दशकात फुटणाऱ्या सूक्ष्म कृष्णविवरांच्या लहरी शोधल्या. त्या सापडल्या नाहीत. मात्र विखुरलेला क्षीण संकेत वेचून घेण्याची ती विद्या त्याच्या चमूला पुढे बिनतारी जाळ्यासाठी उपयोगी पडली, आणि त्या कामाचे अमेरिकी पेटंट १९९६ साली मिळाले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मापकाने आपल्या घरातील दोष कळतो, हा त्याचा लाभ झाला; परंतु गर्दीचा रोग एकट्याच्या उपायाने बरा होत नाही. आपण शक्तिमान राउटर आणला की शेजारी त्याहून मोठा आणतो. दोघेही ओरडतात, ऐकू कोणालाच येत नाही. गायरानाचा प्रश्न गावानेच बसून सोडवावयाचा असतो. एका ओळीतील घरांनी एकत्र बसून पहिल्याने १, दुसऱ्याने ६, तिसऱ्याने ११ असे चॅनल वाटून घ्यावेत आणि राउटरची शक्ती गरजेपुरती ठेवावी. यास अर्धा तास व चहाचा खर्च लागतो. ज्याला आजवर ‘आमचे नेट चोरणारा’ म्हटले, तो केवळ आपल्याच चॅनलावर उभा होता, हेही त्या बैठकीत कळून येते. यादीत शेजाऱ्याचे नाव दिसते म्हणून त्याच्या जाळ्यात शिरण्याचा अधिकार मात्र कोणास प्राप्त होत नाही, हे तरुण वाचकांनी विसरू नये.

आमची सूचना अशी. गावातील वाचनालयाने वा शाळेने एक जुना अँड्रॉइड फोन या कामासाठी राखून ठेवावा, विज्ञानाच्या वर्गातील मुलांना मोजण्याची रीत शिकवावी, आणि दिवाळीच्या सुटीत त्यांच्याकडून आपल्या गल्लीचा लहरींचा नकाशा करवून घ्यावा. मुलांना डेसिबलचे गणित कळेल, वडीलधाऱ्यांचे पैसे वाचतील, आणि शेजारधर्मालाही उजाळा मिळेल. नकाशे तयार झाल्यास आम्हास अवश्य पाठवावेत. त्यांतील उपयुक्त नोंदींना या सदरात आनंदाने जागा देऊ.